चोर गेल्यावरचा पहारा

आमच्या गल्लीत रामराम घातला की रामराम परत मिळे. अपवाद शेजारच्या नथ्थूकाकांचा. ते उलट विचारत, "मास्तर, ताप येऊन गेला काय एवढ्यात?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे.

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी करण्यात काकांची हयात गेली. नोकरी सुटली, लाठी सुटली नाही. भाजी आणायलाही ते ती घेऊन जात.

तापाचं वेड काकूंमुळे लागलं. त्यांना हाडमोड्या ताप आला, उतरला, आणि मग बोटांचे सांधे सुजले ते सुजलेच. चारचौघांत हातून घास पडू लागला, तेव्हा काकूंनी पंगतीला जाणंच सोडलं. गल्लीनं लगेच निदान केलं. कुणी करणी म्हणालं, कुणी वांग्याची भाजी. मी मास्तर, म्हणून ठामपणे वात म्हणालो. डॉक्टर तेवढे चाचरत बोलले, "तापाचे विषाणू गेले असतील हो. पण शरीराचे पहारेकरी बिथरले असावेत. आता घरच्यांनाच मारतायत."

काकांना हे समस्त चौकीदारांवरचं बालंट वाटलं. "घरच्याले झोडपते? असा चवकीदार रायते काय कुठी, डाक्टरसाहेब?"

तेव्हापासून ताप येऊन गेलेल्या प्रत्येकाची झडती सुरू झाली. सांधे ठीक असले की काका उसासा टाकत, "याचे चवकीदार शिस्तीचे हायेत."

एकदा मी डिवचलं, "काका, तुम्ही मालकाच्या साळ्यालाच बदडलं होतं म्हणे!"

काकांनी हातातली लाठी भिंतीला टेकवली. म्हणाले, "आदल्या रोजी कापसाच्या गाठी चोरीले गेल्या होत्या, मास्तर. चोर पळाला, पन माह्या आंगातलं भेव नाही गेलं. अंधारात दिसला त्याले हानलं. तो ओरडून राह्यला, 'अबे, मी घरचा!' पन आयकते कोन?"

त्यानंतर त्यांनी कुणाला ताप विचारला नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळून त्यांना जेवायचं आवतण देतात. काकांकडे बैल कधीच नव्हता, तरी ते आमच्याकडून वाटीभर लोणी मागून घेऊन गेले. मला हसू आवरेना. पुढची गंमत बघावी म्हणून वाटीचं निमित्त करून मागोमाग गेलो.

काकू हात पसरून बसल्या होत्या. काका त्यांची वाकडी बोटं एकेक करून मळत होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"कशे येतीन ते?" काकू लाजून म्हणाल्या. "घास तं धरता येत नाही."

"मी भरवतो ना. लय राबले हे."

मी दारातच थांबलो. काका त्या बोटांवर आणखी वाकले आणि आतल्या कुणाची तरी समजूत काढावी तसे हळूच म्हणाले,

"गेला रे बापा चोर. भेऊ नको आता. हे घरचेच हायेत."