बाबूमामांची ट्रायल

माझे बाबूमामा स्वतःच्याच गोदामात चोरी करतात. तोंडाला गमछा गुंडाळून, भर दुपारी, डोक्यावर भुशाचं पोतं घेऊन. आणि पकडलं नाही की चिडतात.

वडीगोद्रीला हायवेला लागून मामांचं गोदाम आहे. ते त्यांनी एका बियाणे कंपनीला भाड्यानं दिलंय. जुना राखणदार मुलाकडे राहायला गेला, तसा कंपनीच्या साहेबांचा फोन आला: सोमवारपर्यंत एजन्सीचा गार्ड ठेवा, नाहीतर आम्ही बियाणं दुसरीकडं हलवतो. दुसरा कुणी असता तर त्यानं चार एजन्सींचे दर विचारले असते आणि सही करून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, "कागदावर समदेच वाघ असतेत. ट्रायल घेऊ."

मामा कशाचीही ट्रायल घेतात. चप्पल घ्यायची तर ती घालून दुकानातनं बाहेर पडून चौकापर्यंत जाऊन येतात. दुकानदार मागं पळत येतो तो भाग वेगळा.

ट्रायलची रीत अशी, की प्रत्येक एजन्सीनं एक दिवस गार्ड द्यायचा आणि मामांनी चोरी करायची. चोरीची गाडी माझी. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "भाचेबुवा, तुमच्या तोंडाकडं बघून कुणाला संशयच येत न्हाई." मी हे मोठ्या अभिमानानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बराबर बोलले मामा. संशय यायला माणसाला काहीतरी जमत असावं लागतं."

पहिली एजन्सी जालन्यातली. गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर कुत्र्याचा फोटो. गार्ड तरुण, बूट चकचकीत. मामा पोतं घेऊन गेटवर आले. गमछा होता, पण त्यांची ती बदकासारखी डुलती चाल कशी झाकणार? गार्डनं कडक सलाम ठोकला, पोतं आपल्या डोक्यावर घेतलं आणि माझ्या गाडीत नीट ठेवून दिलं. वर मला म्हणाला, "जरा हळू चालवा, साहेब."

"अरे, चोर हाय मी," मामा गमछा काढून म्हणाले.

"मालक, तुमचाच माल तुम्ही न्हेऊन राह्यलात. मी कोण अडवणार?"

मामा मला म्हणाले, "बराबर हाय. पण जमलं न्हाई."

दुसरी एजन्सी एका निवृत्त सुभेदाराची. तिच्या गार्डनं मामांना गेटवरच धरलं. मी मालक आहे, म्हटल्यावर त्यानं ओळखपत्र मागितलं. ते घरी. मी सोडवायला गेलो, तर मलाही साथीदार म्हणून शेजारी बसवलं. सुभेदार येईपर्यंत आम्ही दोघं गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत शिजत होतो. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "मामा, हाच घ्या. याच्या हातून माशी सुटायची न्हाई."

"बराबर हाय. पण जमलं न्हाई."

"आता काय राह्यलं?"

"इतका वेळ बसवलं, पण एक शब्द तरी बोलला का तो?"

मी कपाळाला हात लावला. कंपनीच्या साहेबांचा पुन्हा फोन येऊन गेला होता. रविवार उजाडला आणि तिसरी एजन्सी उरली ती शहागडची. लहानशीच. मालक स्वतः मोटारसायकलवर गार्डला मागं बसवून घेऊन आला. गार्डचं नाव रहीमभाई, वय माझ्याएवढं, अंगातला गणवेश दोन माणसं मावतील असा.

मामा पोतं घेऊन निघाले. रहीमभाईंनी काठी आडवी धरली.

"थांबा सेठ. पास?"

"न्हाई."

"मंग पोतं खाली ठेवा."

मामांनी ठेवलं. आता जमलं, असं मला वाटतंय तोवर रहीमभाई थांबेनात. "पोतं राहू द्या, तुम्ही जा. पण कुठं निघालात?"

"जालन्याला."

"कवा येताल?"

मामांनी तोंडावरचा गमछा खाली ओढला.

"जेवून निघालात का तसेच?"

मामा तसेच उभे. हाही गडी हातचा जाणार, या भीतीनं मीच मधे पडलो. "रहीमभाई, मालकाला असलं विचारतात का?"

"गेटवर दुसरं काय विचारायचं, साहेब? माणूस कवा येणार ते म्हाईत असलं म्हंजी वाट बघता येती."

मामांनी तिथंच मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. एकच अट घातली, गार्ड बदलायचा नाही. एजन्सीवाला म्हणाला, आमच्यात महिन्याला बदली असते, ओळख वाढली की गार्ड ढिला पडतो. मामा म्हणाले, "पडू द्या." शेवटी रहीमभाईंनीच मान हलवली, तेव्हा एजन्सीवाला कबूल झाला.

मी गाडी चालू केली. मामी होती तेव्हा मामा घरातनं निघाले की ती उंबऱ्यातनं हेच सगळं विचारायची, आणि मामा खेकसायचे, "पोलीस हाईस का तू?" तिला जाऊन आता दोन वर्षं होतील.

गेटपाशी मामांनी मला थांबायला सांगितलं. काच खाली केली.

"रहीमभाई, जालन्यात मस्तगडला चाललोय. बहिणीकडं. जेवण तिथंच. दिवस मावळायच्या आत येतो."

"बरं, सेठ."

मी गिअर टाकला. मामांचा हात अजून खिडकीवरच होता.

"अजून काई विचारायचं हाय का?" मामांनी विचारलं.