नकाशातली मोकळी जागा

खिल्लारेकाका पंगतीला बसण्याआधी लग्नाचा मांडव पावलांनी मोजतात. एकदा ऐन मुहूर्तावर ते मुलीच्या बापाला म्हणाले, "मांडव दीड हात तिरका हाय. बराबर न्हाई." त्या बिचाऱ्याला घाम फुटला.

काकांचा जन्म जमिनीच्या मोजणीत गेला. निवृत्त झाले, तरी आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा त्यांच्या धाकानं हद्दीत बसतात.

अशा माणसाला मी आमच्या छोट्या संग्रहालयात बोलावलं, ही माझीच चूक. निजामाच्या काळात आमच्या गावाची पेठ, चौक, सराय ज्यानं आखली, त्या वास्तुकारावर प्रदर्शन होतं. त्यानं स्वतः काढलेला कापडी नकाशा आम्हाला मिळाला होता. त्यावरच्या जुन्या मापांचा अर्थ लावून द्यायला काका आठवडाभर येत होते.

उद्घाटनाच्या दिवशी जिल्हाधिकारी साहेबांची गाडी जवळच्या वारंगा फाट्याला पोचल्याचा फोन आला. मी आत डोकावलो. नकाशावरची काच उघडी, समोर काका, आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक कापडापासून बोटभर अंतरावर.

"काका! काय करून राहिले?"

"सर, ओढ्यापल्याड काय लिव्हलंय?"

"मोकळी जागा."

"माझा आजा ह्याच मान्साच्या मोजणीची साखळी ओढायचा. दिवसभर साखळी धरायची अन् झोपाय ह्या मोकळ्या जागेत जायाचं. चाळीस घरं व्हती आमची. काहून न्हाई काढली?"

बाहेर हार आले होते, शाळेच्या पोरी स्वागतगीताची तालीम करत होत्या. इथे काकांच्या पेन्सिलीचं टोक कापडाला टेकत आलं होतं. हात ओढून घ्यावा, तर कापडच फाटायचं.

"काका," मी हळू म्हणालो, "तुम्ही आज घरं काढली, तर लोकांना वाटेल त्यानंच काढली होती. त्यानं काय सोडलं, ते दिसू द्या ना."

काकांनी ओढ्यापल्याडचं रिकामं कापड एकदा डोळ्यांनी मोजलं. मग पेन्सिल खिशात गेली. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर चाळीस घरं होती आणि प्रत्येक घरावर माणसांची नावं.

"मंग हे शेजारी लावा."

कुणाला विचारायला वेळ नव्हता. मी टाचण्या आणल्या. शेवटची लावतो तोच गाडी आली.

साहेबांनी फीत कापली, वास्तुकाराचं कौतुक केलं. त्या कागदापाशी मात्र ते थांबले, नावं वाचत राहिले. "कुणी काढलं हे?" काका माझ्या मागे सरकले. मीच सांगितलं.

मंडळी चहाला गेल्यावर मी विचारलं, "हा कागद कधी केलात?"

"माझ्या मायला शेवटी काईच याद राहत नव्हतं. रोज इचारायची, आपलं घर कुठं हाय रे? तिला दाखवावं म्हून बसलो काढाय."

"दाखवलं?"

"अर्धा झाला अन् ती गेली."

मी त्यांना कागदाशेजारी खुर्ची आणून दिली. संग्रहालय बंद होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. येईल त्याला ओढ्याकाठच्या एका चौकोनावर बोट ठेवून सांगत होते, "हे आमचं."