पाइप आतून घासला त्याची गोष्ट

आमचे पाणीतपासनीस तसे सरळमार्गी, पण कंटाळा कुणाला चुकलाय? यादीतलं घर चौथ्या मजल्यावर, आणि दारात कुत्रं. (कुत्रं एवढंसंच, पण दात पुरते होते.) तेव्हा त्यांनी ठरवलं, नमुना आपल्याच घरचा न्यावा. पाण्याच्या पाइपाला आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत बंद करायची आणि जंतू उगवतात का ते लॅबने बघायचं. एवढंच तर काम!

सकाळी चहा पिता पिता ते बायकोला म्हणाले, “संध्याकाळी ओट्याखालचा पाइप खोलायचाय. ऑफिसात तपासणार आहेत, आतून.”

“आतून? आणि हे मला आत्ता सांगताय?”

“अगं, जंतू आहेत का एवढंच बघतात.”

“निघाले तर नाव कुणाचं जाणार? तुमचं?”

पाहुणे येणार म्हटलं की माळ्यावरचे डबेसुद्धा घासून ठेवणारी ती बाई. नवऱ्याची पाठ वळताच तिने प्लंबर बोलावला, पाइप सोडवला, बाटलीच्या ब्रशने खसाखसा घासला, वर ब्लीचिंगचं पाणी, त्यावर उकळतं पाणी. नवऱ्याला मात्र अवाक्षर नाही. संध्याकाळी त्यांनी त्याच पाइपात काडी फिरवली आणि नळी लॅबला पोचवली.

तिसऱ्या दिवशी लॅबच्या मॅडमनी तपासनीसांना उभं केलं.

“वीस वर्षांचा पाइप आणि एक जंतू नाही? काडी पाइपाला लावली तरी होती का?”

“देवाशपथ लावली होती, मॅडम!”

“चला, दाखवा ते घर. नमुना खोटा निघाला तर उद्यापासून येऊ नका.”

नोकरी पक्की व्हायला आठवडा उरलेला. बिचारे मॅडमना आपल्याच घरी घेऊन गेले. दार बायकोने उघडलं.

“घर कुणाचं हे?” मॅडमनी विचारलं.

“आमचंच,” तपासनीस जमिनीला सांगितल्यासारखे बोलले.

बायको मात्र फुलून आली. “या ना बाई! बघा, खुशाल आतून बघा. दोन तास घासलाय मी!”

“घासलात? पाइप?” मॅडम मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “म्हणजे काडी खरंच पाइपाला लावली होती. यादीतल्या घराचा नमुना उद्या आणा, पण राहिली हो तुमची नोकरी!”

तपासनीसांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडमनी पर्समधून कागद काढला. “पण नमुन्याबरोबर दुसरी एक काडी असते. ती कशालाच लावायची नाही, नुसती उघडून परत बंद करायची. तुमचे हात स्वच्छ होते का, ते तिच्यावरून कळतं. तिच्यात मात्र जंतूंचं अख्खं गाव वसलंय.”

तपासनीसांनी हळूच हात पाठीमागे नेले.

बायकोने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि कळवळून म्हणाली, “यांनाही तपासणार हे आधी कळवायचं होतंत ना, बाई!”