पंच क्रमांक दोन

बारा मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. कोळसा खाणीला लागून असलेल्या येनसावली गावात गुडघाभर काळा बर्फ पडला आणि बेचाळीस अंशांच्या उन्हातही वितळला नाही. पंचनामा मंजूर होईपर्यंत नुकसानीला हात लावायचा नसतो, हा नियम बर्फाने पाळला. खाणीने आजवर एकही पाळलेला नाही.

गावात आता एकच माणूस राहतो: अनुसयाबाई टेकाम, वय एकसष्ट. बाकीची घरे खाणीने उठवली. विहीर बर्फाखाली गेल्यामुळे बाई दोन कोस चालून पाणी आणत होत्या. पंचनामा मंजूर झाला की विहीर मोकळी होणार होती.

सहाव्या दिवशी प्रदूषण निरीक्षक लोणारे आले. त्यांनी बर्फ चिमटीत घेऊन चोळला. बोटे काळी झाली.

"कोळशाचीच धूळ आहे," ते म्हणाले. "पण पंच दोन लागतात. गावातलेच."

"मी हाव ना."

"तुम्ही एक झालात."

"मंग दुसरा काय खाणीतून खोदून काढू, साहेब?"

लोणाऱ्यांनी मतदारयादी उघडली. "हे सोमाजी टेकाम कोण?"

"मालक माहे. सात वर्सं झाली त्याईले देवाघरी जाऊन."

"यादीत आहेत. बाईचा उजवा अंगठा लागतो, पुरुषाचा डावा. तुमचा उजवा द्या, त्यांच्या नावाने डावा."

बाईंनी दोन्ही दिले. बर्फाने अंगठे आधीच काळे होते, शाईची गरज पडली नाही.

पंचनामा मंजुरीच्या सुनावणीला एकच पंच पुरतो. नोटीस पंच क्रमांक दोन, म्हणजे सोमाजींच्या नावाने निघाली. तरीही बाई पहाटे निघून तालुक्याला गेल्या आणि दिवसभर कचेरीच्या दाराबाहेर बसून राहिल्या. सायंकाळी कारकुनाने निकाल वाचून दाखवला: सोमाजी टेकाम जातीने हजर राहिले. धूळ खाणीची नसून घरच्या चुलीची असल्याचे त्यांनी सांगितले. सबब पंचनामा नामंजूर.

बाई उठून कारकुनाजवळ गेल्या.

"बरे दिसत होते का जी?"

"खोकत होते," कारकून म्हणाला. "मागच्या दाराने गेले. खाणीची जीप होती."

"इथपर्यंत आले होते, तं घरी काहून नाही आले?"

कारकुनाने प्रश्न लिहून घेतला आणि वर पाठवला. त्याला सात महिने झाले. वरून उत्तर आलेले नाही.