एका माणसाच्या मापाचं घर

श्रीनिवासराव गुळवणींनी घेतलेल्या घरात एकच माणूस मावत असे, आणि त्या माणसाच्या मनात दुसरं कुणी आलं तर घर त्यालाही मोजत असे. माणसं दोन झाली की घर दाराच्या बाजूला अलगद कलायचं आणि आतला माणूस घसरत घसरत पायरीवर येऊन बसायचा. त्याला लागत नसे. चपला मागून येत.

ही गोष्ट विकणाऱ्यांनी लपवून ठेवली होती असं म्हणता येणार नाही. श्रीनिवासरावांना ती आधी नीट सांगितली होती. ती आपल्याला लागू नाही, असं त्यांना वाटलं होतं, इतकंच.

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. लग्न त्यांनी केलं नाही. मिरजेत थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरी ते राहिले. त्या घरात अण्णा, मंदावहिनी, पुतण्या, सून, त्यांची मुलं आणि कायम कुणीतरी एक पाहुणा असे. "मला कुणाची गरज लागत नाही," असं श्रीनिवासराव अनेकदा म्हणत. हे वाक्य ते बहुधा जेवताना बोलत आणि बोलून झालं की वहिनींकडे दही मागत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ते खरं करून दाखवायचं ठरवलं. मालगावच्या वाटेवर त्यांचा जमिनीचा एक तुकडा पडून होता. तिथे कारखान्यातून तयार होऊन येणारं छोटं घर ठेवायचं, तेही फक्त स्वतःपुरतं. नकाशा त्यांनी स्वतःच काढला. आयुष्यभर धरणं काढलेल्या हाताला एवढंसं घर काढताना फार आनंद झाला. भिंतीला मिटून ठेवायचा पलंग, खिडकीखाली बिजागरीवर उघडणारं टेबल, एक खुर्ची, एक खुंटी. कोपरं आवरून धरली तर आंघोळ करता येईल एवढी न्हाणी.

वहिनींनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला.

"भाऊजी, आम्ही आलो तर बसायचं कुठं?"

"म्हणूनच तर," श्रीनिवासराव म्हणाले.

आपण जरा तोडून बोललो, असं त्यांना नंतर वाटलं. पुढचे कितीतरी दिवस ते मनातल्या मनात वहिनींची समजूत घालत होते. वहिनी मनातल्या मनात ऐकत नव्हत्या.

औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मुजावर नावाचे विक्री अधिकारी होते. त्यांनी टाय लावला होता. नकाशा पाहून त्यांनी मान डोलावली.

"राहणार किती जण?"

"एक."

"आणि मनात साधारण किती असतात?"

"म्हणजे?"

"मनात, साहेब. येणारे-जाणारे धरून. घर वजनाला हलकं असतं, त्याला सगळं कळतं. नंतर तक्रार नको म्हणून आम्ही आधीच विचारतो."

"माझ्या मनात कुणी नसतं."

"सगळे तसंच म्हणतात. मी आपलं सुचवतो, चार माणसांच्या मापाचं बघा. मी स्वतः दहा माणसांचं घेतलंय."

"कुटुंब मोठं दिसतंय तुमचं."

"नाही," मुजावर म्हणाले, "एकटाच असतो."

श्रीनिवासरावांना त्यांची दया आली. त्यांनी एका माणसाच्याच मापाचं घर नोंदवलं. परत येताना बसमध्ये ते मुजावरांचाच विचार करत होते, पण त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही.

घर ट्रेलरवरून आलं, क्रेननं उचलून जागेवर ठेवलं. मिरजेहून सगळे जण पेढे घेऊन आले होते. वहिनींनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, पुतण्यानं नारळ फोडला, आणि श्रीनिवासराव एकटे आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं. खुर्चीवर बसले. हात लांबवला की चहाचा कप हाताला लागत होता, पाय लांबवला की भिंत. सगळं मापात होतं. शांत होतं. छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, आणि मग त्यांच्या मनात आलं, आता अण्णाला कळेल.

घर कललं. श्रीनिवासराव पायरीवर आले. समोर सगळे उभे होते. कुणी हसलं नाही. वहिनींनी मागून आलेली चप्पल उचलून त्यांच्या पायापाशी सरळ करून ठेवली.

"झालं बघून?" अण्णांनी विचारलं.

"झालं," श्रीनिवासराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मुजावर येऊन गेले. त्यांनी चारी भिंतींना पाणसळ लावून पाहिली. तिच्यातला बुडबुडा सगळीकडे अगदी मधोमध उभा राहिला.

"घर बरोबर आहे, साहेब. आत कुणाला नेलं होतं?"

"थोरल्या भावाला. म्हणजे नेलं असं नाही, तो आला."

"थोरल्या भावांना जागा जास्त लागते," मुजावर गंभीरपणे म्हणाले. "आपण पाढ्यांपासून सुरुवात करा. बहुतेक गिऱ्हाईकांना पाढ्यांचा गुण येतो."

श्रीनिवासरावांनी खुर्चीवर बसून पाढे म्हणायला सुरुवात केली. गुण येत होता. अठ्ठावीसपर्यंत घर जागचं हललं नाही. एकोणतीसच्या पाढ्याला मात्र ते अडखळले, आणि शाळेतले दाभाडे गुरुजी छडी घेऊन आत आले. श्रीनिवासराव बाहेर पडले. पायरीवर बसून त्यांनी गुरुजींना पन्नास वर्षांनी सडेतोड उत्तर दिलं, पण ते घराबाहेर असल्यामुळे कुठे धरलं गेलं नाही.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. त्यांच्या नकाशावर आपली सही ठोकणारा साहेब आला. कधीकाळी भर बसमध्ये त्यांचा अपमान केलेला कंडक्टर आला. वहिनी तर सारख्याच येत, दह्याची वाटी घेऊन. झोपेचं बोलायलाच नको, स्वप्नात कुणालाच एकटं राहता येत नाही. आपण जन्मभर स्वतःला एकलकोंडे समजत आलो आणि आत तर एसटी स्टँड आहे, हे श्रीनिवासरावांना या वयात कळत होतं. मिरजेला परत जावं, तर इतक्या लोकांना सांगून निघालेलो. ते पायरीवर बसून राहत. शेताकडे जाणारे लोक विचारत, "बाहेर बसलाय होय?" ते म्हणत, "हवा चांगली आहे."

एका दुपारी मात्र जमलं. भिंतीवरच्या खुंटीकडे पाहत ते इतका वेळ नुसते बसले की ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. मनात कुणीही नव्हतं. मग त्यांच्या हे लक्षात आलं आणि ते स्वतःशी म्हणाले, "जमलं की तुला, श्रीनिवास."

पायरीवरूनच त्यांनी मुजावरांना फोन लावला.

"शाबासकी देणारा एक आणि घेणारा एक," मुजावर म्हणाले. "दोन होतात, साहेब."

त्या रविवारी अण्णा आणि वहिनी डबा घेऊन आले. श्रीनिवासराव पायरीवरच होते, त्यामुळे भेट लगेच झाली. अण्णांनी घराभोवती एक फेरी मारली.

"आतून तरी बघू," ते म्हणाले आणि आत गेले. दार लागलं.

श्रीनिवासरावांनी पायरीवर सरकून अण्णांसाठी जागा केली. वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला. चहा पिऊन झाला. अण्णा बाहेर आले नाहीत. दोघं उठून खिडकीशी गेली. अण्णा खुर्चीवर बसले होते. डोळे उघडे होते, नजर समोरच्या भिंतीवर होती.

"अण्णा, कसला विचार करतोयस?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"कसलाच नाही."

मुजावर विसरून गेलेली पाणसळ श्रीनिवासरावांनी आणली आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा मधोमध होता. त्यांनी ती फिरवून ठेवली. तरीही मधोमधच होता.

वहिनी बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, हे विचारात असतात."

श्रीनिवासरावांनाही तसंच वाटत आलं होतं. अण्णांच्या गप्प बसण्यात आपल्याबद्दल काहीतरी मत आहे, असं धरून त्यांनी त्या मताशी मनातल्या मनात जन्मभर वाद घातला होता. पुष्कळ मुद्दे काढले होते. काही मुद्दे खरोखर चांगले होते.

ऊन कलल्यावर अण्णा आपल्या पायांनी बाहेर आले. झोप पुरी झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता.

"शिनू, मला इथं राहू दे," ते म्हणाले.

यावर तिघांनी शांतपणे बोलून घेतलं. औषधं कुठली, डबा कोण आणणार, थंडीत घोंगडी लागेल का, एवढंच ठरवायचं होतं. कारखान्याला कळवायला हवं म्हणून मुजावरांना बोलावलं. ते म्हणाले, मालक कोण हे घराला कळत नाही, माणसं किती एवढंच कळतं. तेव्हा कारखान्याची काही हरकत नाही. मग त्यांनी खिडकीतून अण्णांना पाहिलं आणि टाय नीट केला.

"असं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नव्या लोकांना दाखवायला आणलं तर चालेल का?"

अण्णा चालेल म्हणाले. कोण आलं, कोण गेलं, त्यांना कळणारच नव्हतं.

श्रीनिवासराव मिरजेला परत गेले. तिथे पहिल्याच जेवणात त्यांनी दही मागितलं नाही. वहिनींनी न मागता वाढलं.

आता दर रविवारी दोघं डबा घेऊन मालगावच्या वाटेला जातात. परवाच्या रविवारी शेवग्याची आमटी होती. खिडकीतून डबा आत देताना वहिनींनी विचारलं, "आमची आठवण येते का हो?"

"येते की," अण्णा जेवता जेवता म्हणाले.

श्रीनिवासराव आणि वहिनी, दोघांनीही घराच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. घर तसूभरही हललं नाही. वहिनींनी लोणच्याची वाटी आत सरकवली आणि म्हणाल्या, "जेवा सावकाश."

रिकामा डबा घेऊन दोघं बसथांब्याकडे निघाली. वाटेत श्रीनिवासरावांना अण्णांची फार आठवण आली. रस्ता रुंद होता, त्यामुळे काही बिघडलं नाही.