सासूच्या दारातला शुक्र

"ही पाटी माझ्याच दारात का?" डोन्या सुनिल्दांनी विचारलं, तेव्हा हिलारियो मास्तर शिडीवर उभा होता आणि त्याच्या तोंडात दोन स्क्रू होते. म्हणजे बोलण्याआधी विचार करायची आयतीच सोय होती. मास्तरने तिचा काही उपयोग केला नाही.

"मापच तसं येतं, डोन्या," स्क्रू काढून तो उत्साहाने म्हणाला. "चौकात सूर्य. तिथून हिशेबाने चालत आलं की शुक्र बरोब्बर तुमच्या आइस्क्रीमच्या दुकानापाशी. सगळ्यात तेजस्वी ग्रह! नशीब लागतं हो."

"हा शुक्र? हा वाटाणा?"

"वाटाण्याहूनही लहान आहे. त्याच्याखालची पाटी वाचा, मग कळेल."

डोन्या सुनिल्दांनी चष्मा लावला. पाटी त्यांच्याच मुलीने, हिमेनाने, सुरेख वळणदार अक्षरांत रंगवली होती आणि मजकूर अर्थातच मास्तरचा होता. 'शुक्र. दुरून फार सुंदर दिसतो. जवळ गेल्यास शिसं वितळेल इतकी आग. भोवती कायम आम्लाचे ढग. इतर बहुतेक ग्रहांच्या उलट फिरतो. याचा एक दिवस संपता संपत नाही. तो याच्या वर्षाहूनही मोठा असतो.'

बाईंनी एकदा मनात वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. दुकानात पपईचं आइस्क्रीम खात बसलेली माणसं खायची थांबली. चार दुकानं पलीकडचा खाटीक रेमिहियो सुरी हातात घेऊनच बघायला आला होता. तो म्हणाला, "वा मास्तर! फोटोसुद्धा इतका हुबेहूब येत नाही!"

झालं. पोसो क्लारो गावाच्या त्या एकुलत्या एक रस्त्यावर जी काही शांतता होती, ती तेवढ्यात संपली.

खरं तर कल्पना चांगली होती. डोंगरावर मोठमोठ्या दुर्बिणी होत्या. जगभरचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्यामागून येणारे हौशी लोक गाड्या भरभरून वर जायचे आणि पोसो क्लारोला फक्त धूळ देऊन जायचे. कोणी चहाला थांबेना. मग नगराध्यक्ष डॉन निबाल्दोंच्या डोक्यात आलं की आपल्या रस्त्यावर सूर्यमाला मांडायची, मापाबरहुकूम. लोक थांबतील, चालतील, दमतील आणि खातील. काम अर्थातच शाळेच्या विज्ञान मास्तरकडे आलं. चौकात पिस्को दारूच्या भट्टीतल्या जुन्या तांब्याच्या हंड्यांपासून ठोकून बनवलेला सूर्य चढला आणि पुढे एकेक ग्रह खांबावर बसायला लागला. प्रत्येक ग्रहाला काही ना काही स्वभाव असतो आणि प्रत्येक दारामागे एक माणूस असतो, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मास्तरचं तर सगळंच पणाला लागलं होतं. हिमेनाशी त्याचं सहा वर्षं जमलेलं होतं आणि सहाही वर्षं एकाच गोष्टीवर अडलेलं होतं. डोन्या सुनिल्दांना घरजावई हवा होता. दुकानामागे खोली आहे, बर्फ फोडायला माणूस हवाय, मुलगी एकुलती एक. आणखी काय पाहिजे? मास्तरला पाहिजे होतं स्वतःचं बिऱ्हाड. सासूबाईंबद्दल त्याला आदर होता, पण तो आदर लांबून जास्त चांगला टिकेल असं त्याचं मत होतं. शेवटी डॉन निबाल्दोंनी ग्रहांच्या कामावर खूश होऊन पुलापलीकडच्या आपल्या दोन खोल्या त्याला भाड्याने द्यायचं कबूल केलं. हिमेनाने आईला कसंबसं वळवलं. रविवारी उद्घाटन, पुढच्या शनिवारी लग्न आणि त्याच दिवशी पुलापलीकडे बिऱ्हाड, असं ठरलं होतं.

"लग्न मोडलं," त्या दुपारी हिमेना शाळेत येऊन म्हणाली.

"अगं, पण ते शास्त्र आहे!"

"शास्त्राशीच लग्न कर मग. आई म्हणते, सहा वर्षं जेवायला घातलं आणि मनात हे आम्ल!"

"रडतेय का फार?"

"रडत असती तर बरं होतं. भांडी घासतेय. घासलेलीच पुन्हा घासतेय. तू मजकूर बदल ना, हिलारियो. 'शुक्र, उबदार आणि मनमिळाऊ', असं लिही. मी पुन्हा रंगवते."

"ते नाही जमायचं," मास्तर ताठ होत म्हणाला. "मुलांना मी काय शिकवतो? मजकुरातलं अक्षरही बदलणार नाही. मात्र माप बदलता येईल. माप मोठं धरलं की सगळे ग्रह लांब सरकतात. शुक्र पुढे जाईल आणि तुमच्या दारात बुध येईल."

संध्याकाळी तो बुधाचा मजकूर घेऊन दुकानात गेला. बाईंनी त्याला बसा म्हटलं नाही.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"बुध. दिवसा भाजून काढणारा, रात्री गोठवून टाकणारा..."

"म्हणजे तोंडावर एक आणि पाठीमागे एक. पुढे?"

"याला धड हवा नाही. सोबतीला एकही चंद्र नाही."

"विधवा आहे मी, मास्तर. सोबत नाही, हे रस्त्यावर पाटी लावून सांगायची काय गरज होती?"

"आणि... सगळ्यात लहान ग्रह."

बाईंनी आपल्या भरगच्च देहाकडे एकवार पाहिलं. "हे तर चक्क खोटं आहे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बुध तसाही टिकला नसता. माप मोठं धरल्यावर नेपच्यून खिंडीपलीकडे शेजारच्या गावात जाऊन पडत होता, आणि ते कळताच डॉन निबाल्दो खुर्चीतून उठले. "खर्च आपला आणि ग्रह त्यांचा? त्या लोकांना मी माझ्या गावचं खरकटं पाणीसुद्धा देणार नाही, मास्तर, आणि तुम्ही अख्खा नेपच्यून देताय? माप लहान करा. काय हवं ते करा. नऊच्या नऊ ग्रह माझ्या हद्दीत पाहिजेत."

"आठ, डॉन निबाल्दो."

"मागच्या खेपेला नऊ होते."

"एक कमी केला."

"कोणी? मला न विचारता?"

मास्तर घरी आला आणि कागद घेऊन बसला. माप लहान केलं तर सगळे ग्रह चौकाकडे ओढले जाणार होते. थोडं लहान केलं की शुक्र अलीकडे सरकून बंद पडलेल्या पोस्टासमोर येत होता, तिथे राग मानायला कोणी नव्हतं. आणि सुनिल्दाबाईंच्या दारात येत होती पृथ्वी! हवा, पाणी, झाडं, बेताचं ऊन. या ग्रहाबद्दल वाईट असं लिहिण्यासारखं शास्त्राजवळ काही नव्हतंच. मास्तरला इतका आनंद झाला की त्याने एकट्यानेच टाळी वाजवली.

अडचण एवढीच होती की माप लहान केलं की सूर्यही लहान करायला हवा होता, आणि तांबटाने तो नुकताच चढवला होता. "सूर्य उतरवा म्हणालात तर मीच तुम्हाला वर चढवीन," असं तांबट म्हणाला. तेव्हा सूर्य होता तेवढाच ठेवायचा असं मास्तरने ठरवलं.

"मजकुरातलं अक्षर बदलणार नाहीस, पण सूर्य खोटा चालतो," हिमेना म्हणाली.

"सूर्याच्या दारात कोणी सासू राहत नाही," मास्तर म्हणाला.

पाट्या नव्याने लागल्या आणि खरोखर चमत्कार झाला. सुनिल्दाबाईंनी पृथ्वीची पाटी वाचली, मान हलवली, आणि मास्तरला तीन दिवसांनी पहिल्यांदा आइस्क्रीम मिळालं. शिवाय मंगळ सरकून रेमिहियो खाटकाच्या दारात गेला होता. 'गंजाने लाल झालेला, थंडगार, धुळीने भरलेला' असं त्याच्या मांसाच्या दुकानासमोर लिहिलेलं पाहून बाई इतक्या प्रसन्न झाल्या की त्यांनी ते गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायला नेलं. युरेनस दारूच्या गुत्त्यासमोर आला. तो आडवा पडून फिरतो हे वाचून तिथल्या मंडळींनी त्याला आपलाच मानला आणि त्याच्या नावाने पेल्यांची एक फेरी झाली. नेपच्यून पुलापलीकडे मास्तरच्या होणाऱ्या बिऱ्हाडाशेजारी गेला. 'सगळ्यात दूरचा' हे शब्द मास्तरने स्वतः खांबावर ठोकले आणि ठोकताना शीळ घातली. लग्न पुन्हा ठरलं.

राहिला गुरू. तो येत होता थेट नगराध्यक्षांच्या वाड्यासमोर.

"सगळ्यात मोठा ग्रह?" डॉन निबाल्दोंनी विचारलं.

"सगळ्यात मोठा."

"बाकीचे सगळे एकत्र केले तरी?"

"तरी हाच भारी."

"माझ्या दारात येणारच होता," ते म्हणाले. "मला तर आश्चर्य वाटतं, आधी दुसरीकडे होताच कसा!"

"पाटी एकदा नजरेखालून घालता का, डॉन निबाल्दो?" मास्तर चाचरत म्हणाला. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. त्याने विचारलं होतं.

"पाटी काय वाचायची त्यात! मोठा आहे ना? मग लावा. आणि वर झाकण घाला, प्रांताच्या गव्हर्नरबाई येताहेत, त्यांच्या हस्ते उघडू."

रविवारी अख्खा गाव रस्त्यावर होता. बँड होता, खिमा भरलेल्या एम्पानादांच्या परड्या होत्या, आणि बोडक्या डोंगराकडून येणारं ऊन सगळ्यांच्या डोक्यावर होतं. डॉन निबाल्दोंनी भाषण सुरू केलं. ते इतकं चाललं की बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत घालून ठेवली. शेवटी गव्हर्नरबाईंनीच पुढे होऊन दोरी ओढली, झाकण पडलं आणि त्यांनी मोठ्या, स्वच्छ आवाजात पाटी वाचायला घेतली.

"'गुरू. आकाराने सर्वात मोठा.'" टाळ्या. डॉन निबाल्दोंनी टोपी काढली.

"'परंतु हा बहुतेक सगळा वायूच आहे. पाय टेकायला याच्यावर कुठेही घट्ट जमीन नाही.'"

टाळ्या जरा मंदावल्या. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"'याच्यावर एक वादळ पिढ्यान्पिढ्या घोंघावतं आहे, ते थांबायचं नाव घेत नाही.'" इथे बँडच्या ढोलवाल्याला ठसका लागला. "'याच्याभोवती जवळजवळ शंभर चंद्र फिरतात. त्यांतले बरेच अगदी क्षुल्लक असून केवळ याच्या ओढीने टिकून आहेत.'"

नगरपालिकेत चिकटवलेले डॉन निबाल्दोंचे सहा भाचे ओळीने त्यांच्या मागेच उभे होते. सगळ्या गावाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि मग जो हशा उसळला तो पार गुत्त्यापर्यंत गेला. रेमिहियो खाटीक तर डोळे पुसत जमिनीवर बसला. गव्हर्नरबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. "फार दिवसांनी एवढं खरं काही वाचायला मिळालं," त्या म्हणाल्या.

डॉन निबाल्दो हसले नाहीत. त्यांनी टोपी परत घातली आणि मास्तरला बाजूला घेतलं.

"हे शास्त्र आहे, डॉन निबाल्दो," मास्तर घामाघूम होऊन म्हणाला. "आईशप्पथ, शास्त्र आहे!"

"असेल. शास्त्र रस्त्यावर राहू दे. तुम्हीही राहा," ते शांतपणे म्हणाले. "पुलापलीकडच्या खोल्या आता रिकाम्या नाहीत. भाच्याला हव्यात. त्या क्षुल्लकांपैकी एकाला."

मास्तरने आठवडाभर अख्खं गाव पालथं घातलं. पण दोन खोल्या रिकाम्या असलेला प्रत्येक जण डॉन निबाल्दोंना तरी भीत होता, नाहीतर आपल्या दारातली पाटी वाचून बसला होता. रेमिहियोने तर तोंडावर सांगितलं, "माझ्याकडे? गंजाचा वास येईल हो तुम्हाला." शुक्रवारी दुपारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, शाळेने दिलेली खोलीही सोडावी लागली, कारण ती लग्न न झालेल्या मास्तरसाठीच होती. हातात पेटी घेऊन मास्तर रस्त्याने आला आणि आइस्क्रीमच्या दुकानासमोर थबकला.

डोन्या सुनिल्दा दारातच उभ्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. मास्तरला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय मास्तर, फिरलात सगळीकडे?"

"फिरलो."

"दमलात विनाकारण. वाचा जरा." त्यांनी आइस्क्रीमचा डाव खांबाकडे केला. "मला चष्मा लागतो. तुम्हीच मोठ्याने वाचा."

मास्तरने इकडे तिकडे पाहिलं. हिमेना काउंटरमागे मान खाली घालून ग्लास पुसत होती, आणि तिचे खांदे हलत होते, रडण्याने नाही. मास्तरने घसा साफ केला.

"'पृथ्वी. हवा, पाणी, बेताचं ऊन,'" तो पडलेल्या आवाजात वाचू लागला. "'माणसाला राहण्याजोगी आजवर सापडलेली ही एकच जागा.'"

"कोणी लिहिलं हे?"

"मी."

"खोटं आहे?"

"नाही," मास्तर म्हणाला. मग बुडत्यासारखा हातपाय मारत त्याने जोडलं, "पण शोध चालू आहे, डोन्या. जगभर शास्त्रज्ञ शोधताहेत. एखादी दुसरी जागा सापडेलही."

"सापडली की लगेच सांगा हं," सुनिल्दाबाई त्याच्या हातातली पेटी काढून घेत म्हणाल्या. "तोवर मागच्या खोलीत खाट टाकली आहे. आणि बर्फ आलाय, तेवढा फोडून घ्या."