जाणकार म्हणतात

"राहू द्या हो, मी साइटवर विचारलंय," असं बायको म्हणाली आणि हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या स्टोअरकीपरचं घरातलं राज्य त्याच क्षणी खालसा झालं.

वास्तविक या माणसाचा सगळा दिवस नळ, बिजागऱ्या आणि खिळे यांच्या गोदामात जायचा. घरात काही मोडलं की बायको त्यालाच हाक मारायची, आणि त्या हाकेवर त्याची छाती दोन बोटं फुगायची. पण लेक सुट्टीला आली आणि जाताना आईला फुकटातल्या वेबसाइटी दाखवून गेली. एकीवर पुस्तकं वाचायची, दुसरीवर परकी भाषा शिकायची. तिसरी फोटोमागची भिंत पुसून द्यायची. तिनं भिंतीबरोबर स्टोअरकीपरचा डावा कानही पुसला, तरी त्यानं ते मनावर घेतलं नाही. चौथी मात्र त्याच्या मुळावर आली. तिथं घरातल्या अडचणी लिहायच्या आणि कुठली कुठली अनोळखी माणसं उत्तरं द्यायची.

बाथरूमचं दार खाली घासत होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत, हे तो कधीपासून सांगत होता. साइटवर कुणीतरी तेच लिहिलं तेव्हा बाईसाहेब लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढल्या.

"बघा, किती हुशार माणसं असतात," ती वरून म्हणाली.

"अगं, मी दुसरं काय सांगत होतो?"

"तुम्ही खेकसून सांगता. ते समजावून सांगतात."

हे त्याला फारच लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, गोदामात पाइपांच्या ढिगाआड बसून त्यानं साइटवर नाव नोंदवलं. टोपणनाव घेतलं 'जाणकार'. बायको तिथं 'ग्रंथपाल' या नावानं लिहायची. शाळेच्या ग्रंथालयात तिचं कामही तेच होतं, त्यामुळे ती चटकन सापडली. तिनं ठिबकणाऱ्या नळाबद्दल विचारलं होतं. जाणकारांनी उत्तर दिलं, "आपण आधी मुख्य कॉक बंद करावा. मग मूठ काढून आतला वॉशर बदलावा. घाई करू नये, आपल्याला सहज जमेल." लग्नाच्या बायकोला त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच 'आपण' म्हटलं होतं.

नळ थांबला. बायको खूश झाली आणि त्याला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. आता रोज एक प्रश्न यायचा आणि जाणकार त्याचं उत्तर द्यायचे. पण हळूहळू घरात ऊठसूट त्यांचा दाखला निघू लागला.

"ओल्या हातानं प्लग काढू नका. जाणकार म्हणतात, धोका असतो."

"हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय."

"तुमचं आपलं काहीतरीच. आणि लिहितात किती गोड. भाग्यवान असेल हो त्यांची बायको."

हा घास काही त्याच्या घशाखाली उतरेना. आपल्याच बायकोनं परक्या माणसाच्या बायकोचा हेवा करावा? तो परका माणूस आपणच आहोत, हे त्याला कळत होतं. पण कळून जळणं थोडंच थांबतं? जाणकारांना तोंडघशी पाडायचंच, असं त्यानं ठरवलं.

संधी चालून आली. कपडे धुण्याच्या मशीनमधून पाणी बाहेर जाईना. जाणकारांनी लिहिलं, "खालच्या कोपऱ्यातलं फिल्टरचं झाकण उघडून कचरा काढावा." सल्ला बरोबर होता. आधी छोट्या नळीनं आतलं पाणी काढून घ्यावं, एवढंच एक वाक्य त्यांनी मुद्दाम गाळलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या घरात घालायच्या चपला दिवाणखान्यातून त्याच्याकडेच तरंगत येत होत्या. बायको पायपुसण्यांचा बांध घालून बसली होती. त्यानं बाह्या सरसावल्या, पाणी काढलं, फिल्टर धुतला आणि मशीन सुरू करून दिलं. त्यानंतर बायकोनं साइटवर लिहिलं, "जाणकारांच्या सल्ल्यानं घराचं तळं झालं. माझ्या मिस्टरांनी येऊन निस्तरलं. घरातल्या माणसाची सर कुणाला नाही."

हे वाचून त्यानं खरं तर पेढे वाटायचे. पण खाली दहाजणांनी जाणकारांवर तोंडसुख घेतलं होतं. कुणी म्हणत होतं अर्धवट, कुणी म्हणत होतं भोंदू. ज्यांचे नळ जाणकारांनी थांबवले होते तेही त्यात होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोफ्याच्या कोपऱ्यात बसून त्यानं मोबाइलवर लिहिलं, "सल्ला अचूक होता. मुळात फिल्टर तुंबेपर्यंत आपले मिस्टर झोपले होते का?"

स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा आवाज झाला.

"काय झालं गं?"

"तो जाणकार. तुम्हाला नावं ठेवतोय मेला."

जाणकार 'ते' होते, त्यांचा आता 'तो' झाला होता.

"मग तू काय लिहिलंस?"

"लिहिलं, माझ्या नवऱ्याला बोलायचं काम नाही. त्यांच्या नखाचीही सर नाही तुम्हाला."

त्याला भरून आलं. तिनं आपली अशी बाजू यापूर्वी कधी घेतली होती, हे त्याला आठवेना. पण नखाचीही सर नाही? आणि तेही लोकांपुढे? पाणावल्या डोळ्यांनीच त्यानं उत्तर ठोकून दिलं, "अशा नवऱ्याला आपण उगाच डोक्यावर बसवता. तो त्या लायकीचा वाटत नाही."

मग मात्र तिनं साइटवाल्यांकडे तक्रारच केली. थोड्या वेळानं त्याच्या मोबाइलवर निरोप आला की सभासदाच्या कुटुंबाचा अपमान केल्याबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

बायको चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हाकललं त्याला," ती म्हणाली. "उद्यापासून जे काही असेल ते मी तुम्हालाच विचारणार."

"बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल पालथा ठेवला.

चहाचा घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माणूस हुशार होता हो. तुमच्यावर एवढा का जळायचा, कुणास ठाऊक."